सॉफ्टबॉलचा चेंडू कसा टाकावा?
(आप्पांनी आणि मी मिळून शिकलेला धडा)



क्रिकेट, कबड्डी, खो-खो हे खेळ आपल्याला सगळ्यांना ठाऊक आहेत. पण सॉफ्टबॉल म्हटले की पुष्कळ जण विचारतात, "हे काय नवीन?" मी मागच्या वर्षी सहावीत असताना हा खेळ शिकू लागले. त्यात पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी, व्हायचे असे मी ठरवले. माझे आप्पा मला शिकवायला उभे राहिले. पण त्यांनाही हा खेळ येत नव्हता. आम्ही दोघांनी आधी चुका केल्या, मग शिकलो. त्या चुका तुम्ही करू नयेत म्हणून हा लेख लिहीत आहे.

खेळाची ओळख

सॉफ्टबॉलचा जन्म अमेरिकेतील शिकागो शहरात १८८७ साली झाला. थंडीच्या दिवसांत बाहेर बेसबॉल खेळता येईना, म्हणून काही लोक मोठ्या खोलीत खेळू लागले. त्यांच्याजवळ चेंडू नव्हता. त्यांनी मुष्टियुद्धाच्या हातमोज्याची गुंडाळी करून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट केली! म्हणजे आपण गोठ्यात चिंध्यांचा चेंडू करतो तसेच झाले. या खेळाला सॉफ्टबॉल हे नाव पुढे १९२६ साली सुचवले गेले. आपल्या देशात १९६१ साली जोधपूर येथे भारतीय सॉफ्टबॉल संघटना स्थापन झाली. २०२३ साली चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या मुलींचा संघही खेळला.

नाव सॉफ्टबॉल असले तरी चेंडू मऊ नसतो. क्रिकेटच्या चेंडूचा घेर सुमारे २२.५ सेंटीमीटर असतो, तर सॉफ्टबॉलच्या मोठ्या चेंडूचा घेर सुमारे ३०.५ सेंटीमीटर. वजन १७८ ते १९८ ग्रॅम. आमच्या एवढाल्या हातात तो मावत नाही. अमेरिकेत दहा वर्षांखालच्या मुलींना म्हणूनच लहान चेंडू देतात आणि ३५ फुटांवरून, म्हणजे १०.६७ मीटरवरून, टाकायला लावतात. बारा वर्षांखालच्या मुलींना ४० फूट, म्हणजे १२.१९ मीटर. मोठ्या बायकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यात हे अंतर १३.११ मीटर असते.

एका संघात नऊ खेळाडू असतात. पिचर मैदानाच्या मधोमध उभी राहते. तिच्या समोर होम प्लेट असते. ती ४३ सेंटीमीटर रुंद. चेंडू त्या रुंदीवरून आणि फलंदाजाच्या गुडघ्यापासून काखेपर्यंतच्या उंचीत गेला आणि फलंदाजाने तो मारला नाही, तर तो स्ट्राइक. तीन स्ट्राइक झाले की फलंदाज बाद. चेंडू त्या चौकटीबाहेर गेला आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर तो 'बॉल'. असे चार बॉल पडले की फलंदाज न मारताच पहिल्या बेसवर चालत जाते. म्हणून पिचरचा नेम चुकला तर सगळा संघ नुसता बघत उभा राहतो.

आता मुख्य नियम. क्रिकेटमध्ये चेंडू खांद्यावरून टाकतात. सॉफ्टबॉलमध्ये तो खालून टाकायचा असतो. हात पुढून वर, वरून मागे आणि मागून खाली असा रहाटासारखा फिरतो आणि चेंडू मांडीजवळ सुटतो. या पद्धतीला पवनचक्की पद्धत म्हणतात.

आमची चूक

दिवाळीच्या सुट्टीनंतर गुरुजींनी आमच्या शाळेत हा खेळ सुरू केला. शाळेत तेव्हा दोनच हातमोजे होते. भात काढून झाले होते, खाचरे सुकली होती. घरामागच्या खाचरात मी आणि आप्पांनी पावलांनी अंतर मोजले. एका टोकाला पाट ठेवला. आप्पा मळवलीला लोकलमधून उतरून संध्याकाळी घरी येत, चहा घेत आणि गोणपाट टाकून माझे चेंडू झेलायला बसत. समोर लोहगड आणि विसापूर काळे पडेपर्यंत आम्ही खेळत असू.

आप्पा एकच सांगत, "जोर लाव! एवढी भाकर खातीस ती कुठं जाते?" मी जोर लावी. चेंडू कधी त्यांच्या डोक्यावरून पेंढ्याच्या गंजीत जाई, कधी माझ्याच पुढे दोन पावलांवर आपटे. तो शोधण्यात निम्मा वेळ जाई.

त्याच सुमारास गुरुजींनी जपानच्या युकिको उएनो या पिचरची गोष्ट सांगितली. २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये तिने दोन दिवसांत तीन सामने टाकले. एकूण ४१३ चेंडू टाकले आणि शेवटच्या सामन्यात अमेरिकेला ३–१ असे हरवून जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. ते ऐकून माझे डोके फिरले. मी मनात म्हटले, तिने ४१३ टाकले, मग आपण रोज शंभर तरी टाकू. आप्पाही हो म्हणाले. शेजारच्या गावच्या शाळेशी सामना ठरला होता. त्यात मलाच पिचर करणार होते.

दहाएक दिवसांत माझा उजवा खांदा पुढच्या बाजूने दुखू लागला. मी कोणाला बोलले नाही. सांगितले तर सामन्यात दुसरीला घेतील ही भीती. रात्री मी डाव्या कुशीवर झोपे. पाण्याची कळशी डाव्या हाताने उचली. एकदा सकाळी वेणी घालताना हात वर जाईना. आईने बघितले.

"काय गं, हात का खाली पडतोय?"

मी म्हटले, "काही नाही." पण डोळ्यांत पाणी आले आणि सगळे कळले.

आप्पांनी त्या दिवशी खाडा केला आणि मला लोणावळ्याला डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी हात वर-खाली करून बघितला. ते म्हणाले, खालून टाकल्याने खांदा दुखत नाही असे लोकांना वाटते, पण ते खरे नाही. हात वेगाने गोल फिरतो तेव्हा खांद्याच्या पुढच्या शिरेवर खूप ताण येतो. वाढत्या वयात रोज शंभर चेंडू म्हणजे फार झाले. पंधरा दिवस चेंडूला हात लावायचा नाही.

परत येताना लोकलमध्ये आप्पा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते. मग म्हणाले, "चूक माझी आहे. मला येत नव्हतं ते मी तुला शिकवत होतो."

मी म्हटले, "आप्पा, मी पण सांगितलं नाही ना."

तो सामना माझ्याविना झाला. माझ्या वर्गातल्या मैत्रिणीने चेंडू टाकले आणि मी कडेला बसून गुण लिहिले. आम्ही हरलो. घरी येऊन मी जेवले नाही. पण बाकावर बसून मला एक गोष्ट दिसली होती. पलीकडच्या संघातली पिचर माझ्याहून बारीक होती. ती जोर लावताना दिसतच नव्हती, तरी तिचा चेंडू सरळ येत होता. ते मी आप्पांना सांगितले.

गोफणीचा धडा

आप्पा थोडा वेळ गप्प बसले. मग माळ्यावरून त्यांनी जुनी गोफण काढली. ते लहान असताना भाताला लोंब्या आल्या की माचीवर बसून पाखरे राखत.

ते म्हणाले, "अगं, गोफणीतला दगड आम्ही ढकलत नव्हतो. गोफण फिरली की दगड आपसूक निघतो. फक्त दोरी कवा सोडायची ते कळाय पाहिजे. तुझा हात म्हणजे गोफण."

दगडाऐवजी त्यांनी फडक्याचा गोळा एका दोरीला बांधला आणि तो उभा गोल फिरवायला सांगितला. दोरी जरा लवकर सोडली तर गोळा जमिनीवर आपटला. उशिरा सोडली तर छपरावर गेला. बरोबर खालच्या टोकाला सोडली तेव्हा तो सरळ समोर गेला. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना कारण विचारले. त्यांनी फळ्यावर वर्तुळ काढले आणि त्याला एका बिंदूत टेकणारी सरळ रेघ काढली. गोल फिरणारी वस्तू सुटली की ती गोल जात नाही. सुटली त्या जागेपासून सरळ रेषेत निघते. या रेषेला स्पर्शरेषा म्हणतात. पावसात सायकल चालवताना चाकावरचा चिखल पाठीवर उडतो, तोही याच नियमाने.

म्हणजे माझे चेंडू गंजीत का जात होते ते उघड झाले. जोर कमी पडत नव्हता. सुटण्याची जागा चुकत होती. आणि जोर लावायला मी चेंडू तळहातात घट्ट दाबत होते, म्हणून तो हातातून वेळेवर निघतच नव्हता.

पाच पायऱ्या

पंधरा दिवस झाल्यावर डॉक्टरांना विचारून आम्ही पुन्हा सुरुवात केली, पण उलट्या टोकाने. आधी शेवटची हालचाल शिकायची, मग तिच्या मागची, मग त्याच्याही मागची. (मी उजव्या हाताने टाकते. डावखुऱ्यांनी बाजू बदलून वाचावे.)

पहिली पायरी : पकड. चेंडूच्या शिवणीवर बोटांची पेरे ठेवायची. अंगठा दुसऱ्या बाजूला. तळहात आणि चेंडू यांत थोडी फट राहिली पाहिजे. हात लहान असेल तर तीन किंवा चार बोटे लावावीत. अंडे धरतो तसे धरावे. घट्ट नको आणि सैलही नको.

दुसरी पायरी : मनगट. भिंतीपासून दोन मीटरवर उभे राहायचे. हात मांडीजवळ सरळ सोडायचा आणि नुसत्या मनगटाच्या झटक्याने चेंडू भिंतीवर मारायचा. हे मी आठ दिवस केले. कंटाळा आला, पण चेंडू बोटांवरून कसा निघतो ते इथेच कळले.

तिसरी पायरी : अर्धे वर्तुळ. डाव्या अंगाने भिंतीकडे तोंड करून आडवे उभे राहायचे. उजवा हात मागे खांद्याइतका वर न्यायचा आणि सैल सोडून खाली आणायचा. हात मांडीजवळून जाताना मनगटाचा झटका द्यायचा. नियमाप्रमाणे चेंडू सुटताना हात कमरेच्या खाली असला पाहिजे आणि मनगट कोपरापेक्षा अंगापासून लांब जाता कामा नये.

चौथी पायरी : पूर्ण वर्तुळ. हात पुढून वर जाताना कानाजवळून जावा आणि खाली येताना मांडीजवळून. आप्पांनी मला गोठ्याच्या भिंतीला समांतर उभे केले. उजवा हात भिंतीपासून वीतभर दूर. हात वाकडा फिरला की बोटे भिंतीला घासत. दोन दिवसांत वर्तुळ सरळ झाले! (हे चेंडू न घेता आणि सावकाश करावे.)

पाचवी पायरी : पाऊल. ही शेवटी शिकायची, पण सगळ्यांत महत्त्वाची. पिचर ज्या पाटीवर उभी राहते ती ६१ सेंटीमीटर लांब असते. डावे पाऊल फलंदाजाकडे टाकायचे आणि ते पाटीच्या लांबीच्या आतच पडले पाहिजे. आम्ही खाचरात चुन्याने पाटीपासून होम प्लेटपर्यंत सरळ रेघ मारली. पाऊल रेघेवर पडले की चेंडूही रेघेवर जाई. पाऊल टाकताना अंग थोडे आडवे होते आणि चेंडू सोडताना कंबर पुन्हा समोर येते. जोर इथून येतो. विहिरीतून पोहरा नुसत्या हातांनी ओढला तर हात भरून येतात, पाय रोवून अंगाने ओढला तर सोपा जातो, तसेच आहे हे. पूर्वी माझे पाय जागेवर गाडलेले होते आणि सगळे ओझे खांद्यावर पडत होते. माझा खांदा दुखायचे कारण हे होते.

चूक कशी ओळखावी?

चेंडू कुठे गेला ते बघितले की चूक कळते.

चेंडू पुढ्यात आपटला : हात मांडीजवळ येण्याआधीच सुटला.
चेंडू डोक्यावरून गेला : हात मांडीच्या पुढे गेल्यावर सुटला, किंवा तळहातात दाबून धरला.
चेंडू बाजूला गेला : हाताचे वर्तुळ वाकडे, किंवा पाऊल रेघेबाहेर.
चेंडू सरळ गेला पण हळू : अजिबात काळजी करू नये. आधी नेम, वेग मागाहून येतो.

वेगाचे मला अजून आकर्षण आहे, खोटे कशाला सांगू! अमेरिकेच्या मोनिका ॲबट यांनी २०१२ साली ताशी १२४ किलोमीटर वेगाने चेंडू टाकला होता. गुरुजींनी आम्हाला गणित घातले. त्या वेगाने १३.११ मीटर जायला किती वेळ लागेल? उत्तर आले ०.३८ सेकंद. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच! पण गुरुजींनी आणखी एक गोष्ट सांगितली. उएनो ४१३ चेंडू टाकून गेली तेव्हा ती २६ वर्षांची होती आणि तिच्यामागे कितीतरी वर्षांचा सराव होता. आपण त्यातला फक्त आकडा उचलला.

पावसाळ्यातला सराव

आपल्या मावळात जून ते सप्टेंबर मैदान विसरावे लागते. खाचरात आवण आणि वर धोधो पाऊस. तेव्हा मी घराच्या पडवीत जुन्या मोज्यांत चिंध्या भरून चेंडू केला आणि पहिल्या तीन पायऱ्या करत राहिले. भिंतीवर कोळशाने चौकट काढली. ४३ सेंटीमीटर रुंद आणि गुडघ्यापासून काखेपर्यंत उंच. आईने आधी रागावून बघितले, मग स्वतःच दोन चेंडू टाकले. दोन्ही चौकटीत! आप्पा म्हणाले, "बघ, तिला कुणी जोर लाव म्हणून सांगितलं नाही ना."

आमचे नियम

आता घरात दाराच्या मागे एक कागद लावला आहे. त्यावर आमचे नियम आहेत.

१. आधी थोडे धावायचे, खांदे आणि मनगटे हळूहळू फिरवायची, मग चेंडू घ्यायचा.
२. एका वेळी तीसच चेंडू. एक दिवस सराव, एक दिवस सुट्टी.
३. आप्पांनी एका संध्याकाळी एकच चूक सांगायची. (पूर्वी ते एका चेंडूला पाच चुका सांगत. मग मला काहीच आठवत नसे.)
४. शेवटचा चेंडू चांगला पडला की थांबायचे. "आणखी एक" म्हणायचे नाही.
५. दुखले की त्याच दिवशी सांगायचे. सांगितल्याबद्दल कोणी रागावणार नाही.

पाचवा नियम आप्पांनी स्वतःच्या अक्षरात लिहिला आहे.

पालकांना एक विनंती आहे. तुम्हाला खेळ येत नसेल तरी तुम्ही शिकवू शकता. माझ्या आप्पांना अजूनही सॉफ्टबॉलचे सगळे नियम येत नाहीत. पण ते समोर बसतात, चेंडू मोजतात, पाऊल रेघेवर पडले का ते बघतात आणि दर चार-पाच चेंडूंनी विचारतात, "हात कसा आहे?" एवढे पुष्कळ आहे. मुले सांगत नाहीत म्हणजे दुखत नाही असे नसते.

या वर्षीचा सामना

या वर्षी दिवाळीनंतर त्याच शाळेशी पुन्हा सामना झाला. मी आणि माझी मैत्रीण दोघींनी निम्मे निम्मे चेंडू टाकले, म्हणजे एकीच्याच हातावर ओझे नको. माझ्या पहिल्याच फलंदाजाला मी चार बॉल टाकले आणि ती चालत बेसवर गेली. पोटात गोळा आला. मी कडेला बघितले. आप्पा तिथे उभे होते. मला वाटले, आता ओरडतील, "जोर लाव!" पण त्यांनी नुसता हात मांडीजवळून हलवून दाखवला. मी चेंडूची पकड सैल केली, श्वास सोडला आणि टाकला. स्ट्राइक! त्या मुलीला मी बाद केले.

आम्ही सामना एका गुणाने हरलो. पण रात्री मी पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशी दोन्ही हातांनी वेणीही घातली.

मैत्रिणींनो, ज्यांना शिकायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत शाळेच्या मागच्या भिंतीजवळ यावे. गुरुजींच्या परवानगीने मी तिथे खडूने चौकट काढली आहे. पहिले आठ दिवस फक्त मनगट. कंटाळा आला तरी चालेल, पण पायरी गाळायची नाही.

एवढे सांगून मी माझा लेख संपवते.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता ७ वी